पाणउंदराचा कोट

टोरांटोहून विमानानं खोकं आलं,
आत एका मेलेल्या बाईचा कोट.
काळा, घोट्यापर्यंत लांब, डांबरगोळ्यांच्या वासाचा.
सुनेनं चिठ्ठी जोडली होती :
सासूबाईंचा सील. फेकवत नाही,
घालवत तर त्याहून नाही.
तुमच्याकडे काही होईल का याचं?

एफीमावशीनं कॉलरवर फुंकर घातली,
केस दुभंगले, मुळाशी करडं दिसलं,
आणि ती हसली, कवळी हातानं सावरत हसली.
"सील कसला! आपला पाणउंदीर हा.
भादरलेला, रंगवलेला,
शहरात जाऊन नाव बदललेला."

अक्लाविकला मे सरता सरता रात्र अशी होतच नाही.
ती दहा वर्षांची असताना
बाप होडीत ओठ आवळून चूं चूं करायचा,
पाण्यातलं डोकं वळायचं, बंदूक वाजायची.
काठावर आई सोलायची, ही फळीवर ताणायची,
दिवसाला शंभर, कधी त्याहून जास्त.
मांस उकडायचं, शेपट्या भाजायच्या,
कातडी दुकानात.
बदल्यात पीठ, चहा, काडतुसं,
एका वर्षी ग्रामोफोन.
पुढे कातडी कुठे जातात
हे कुणी विचारलं नाही.
नदीत गेलेल्या वल्ह्याची कोण चौकशी करतं?

अस्तर उसवलं. जांभळं रेशीम, घामानं पिवळट.
खिशात पेपरमिंटचा कागद,
नाटकाचं अर्धं तिकीट, केसांची पिन.
आत भरलेली दोन अक्षरं : एम. डी.
मावशीनं ती चौकोनात कापून डबीत ठेवली.
"बाई वाईट नसावी. बगला बघ,
झिजल्यात. मिरवायला नव्हता, थंडीला होता."

मी कात्री उचलली तर हातावर चापटी.
पालथा घाल. कातड्याकडून काप,
ब्लेडच्या नुसत्या टोकानं,
केसाला कळता कामा नये.
आधी चिमटीत धरून ताणून बघ :
कागदासारखं टरकलं तर ते संपलं,
त्याला आग्रह करू नये.
पाठ सगळी टरकली. बाह्या टिकल्या.
केस कुठे निजतात ते अंगठ्याला विचार,
मग तीनधारी सुई, मेणातून ओढलेला दोरा.
मी शिंकले. काळी लव उडाली,
थोडी तिच्या चहात उतरली.
तिनं चहा तसाच प्यायला.

डाव्या बाहीत, कोपराजवळ
एक शिवलेलं भोक, नखाएवढं.
कारखान्याचा टाका नव्हता तो,
सुताचाही नव्हता.
कॅरिबूच्या तातीचा, तिरपा,
शेवटी दोनदा मागे घेतलेला.
मावशीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझ्या आईचा?" मी विचारलं.

"असं शिवणाऱ्या पन्नास बायका होत्या या नदीवर.
सुरी काय, कुणाच्याही हातून निसटते.
माझ्याही निसटायची."
मग रेडिओवर हवामान सांगून झालं,
बिंगोचे आकडे सांगून झाले,
तरी अंगठा तिथंच.

वॉल्टरसाठी हातमोजे झाले, मनगटापर्यंत केसाळ,
उरल्यातून बाहुलीची टोपी,
आणि एक तुकडा, ज्याचं काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.
सुनेला उत्तर लिहायचं राहिलंय.
सील नव्हता हे कळवावं का?
मावशी म्हणते, कळव, पण
शेवटच्या ओळीत.

डाव्या मोज्याला तिनं आतून फ्लॅनेल लावलं,
फक्त अंगठ्याच्या वळणाशी जागा सोडली.
वॉल्टर शाळेला निघताना कुरकुरतो,
इथे काहीतरी टोचतंय.

ती दाराची कडी काढून देते.
टोचू दे, म्हणते, जा.